आंबा-काजूच्या हंगामात बागेतली मुलं : जमवलेला पैसा नेमका कशावर खर्च करावा?

कातळफूल
नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या मुंबई मंडळाने यंदा गणपतीत ठरवलं, की सभामंडपाचं रंगकाम पुढे ढकलायचं आणि वर्गणी बागांमध्ये राबणाऱ्या मुलांसाठी वापरायची. साधारण तीन लाख जमलेत. चार बागायतदारांनीही पैसे दिलेत, हे मुद्दाम सांगते.

गावात अशी मुलं दोन तऱ्हेची. एक, दिवाळीच्या सुमारास नेपाळहून आईबापांबरोबर येणारी. बाप राखण आणि फवारणी करतो, आई गवत काढते, पुढे आंबा भरते. पोरं बागेतच वाढतात. आधी वानर हाकायला, मग काजूच्या बिया वेचायला, एप्रिलात क्रेट ओढायला. दुसरी आमच्याच वरच्या वाडीतली. पटावर नाव आहे, पण ओल्या काजूगरांचा हंगाम लागला की बाकावर दिसत नाहीत. गर शेकड्यावर विकले जातात, सोलायला घरातले सगळे हात लागतात. टरफलाच्या तेलाने बोटांची सालं निघालेली चौथीतली मुलगी मी पाहिली आहे. तिला पेन्सिल धरवत नव्हती.

मंडळात सूचना आल्या त्या दप्तरं, वह्या, सायकली अशा. माझं मन घेत नाही. ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांनी सांगा. तीन लाख ही आमच्यासाठी मोठी रक्कम आहे आणि ती पुन्हा लवकर जमणार नाही.

गिरगावचा_गाववाला
ताई, विषय चांगला काढलात. पण दप्तरांना एकदम नाही म्हणू नका. वर्गणी देणारा लालबागच्या खोलीत राहतो, त्याला आपला पैसा कुठे गेला ते डोळ्यांनी दिसायला हवं. मुलाच्या पाठीवर दप्तर दिसलं की पुढच्या वर्षी तो स्वतःहून देतो. मंडळं अशीच चालतात.

पेणचे_गुरुजी
मी रायगडात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. कातकरी वाड्यांवर बरीच वर्षं काढली. आमच्याकडे बाग नाही, वीटभट्टी आणि कोळसाभट्टी आहे. पण गणित एकच आहे.

पावसाळा संपला की घरातले तांदूळ संपत येतात. त्याच वेळी भट्टीवाल्याचा मुकादम वाडीवर येतो आणि उचल (आगाऊ मजुरी) देऊन जातो. आजारपण, लग्न, गणपतीतली उसनवारी, सगळं त्या उचलीत फिटतं. दिवाळी झाली की कुटुंब टेम्पोत बसतं. दप्तर दिलंत तर तेही टेम्पोत बसतं. मी असं पाहिलंय. दप्तर भट्टीवर आहे, त्यात पोराचे कपडे आहेत, आणि पोर विटा उलटतंय.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे वेळ. तुमचे पैसे मार्चमध्ये खर्च झाले तर काही उपयोग नाही. उचल दिली जाते त्या आधी वाडीवर कोणीतरी बसलेलं हवं.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे कोणी बघत नाही. नऊ-दहा वर्षांची मुलगी भट्टीवर का नेतात? विटा थापायला क्वचितच. तान्हं भावंडं सांभाळायला नेतात. आई कामावर, बाळ झोळीत आणि ताई झोळीपाशी. कुठल्याच नोंदीत हिला मजूर म्हणत नाहीत, पण तिची शाळा सर्वांत आधी सुटते. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना बसवून घेते. तीनच्या आतल्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळायला कोणी मिळत नाही. तेव्हा ताईला शाळेत आणायचं असेल तर पैसे बाळावर खर्च करा. माझं ऐकाल तर पाळणाघर काढा.

निळी_होडी
गुरुजी, शंभर टक्के. आमच्या हर्णैला लिलावाच्या वेळी बंदरावर जा. कोळंबी निवडणाऱ्या बायकांच्या शेजारी दोन टोपल्या असतात, एकीत मासळी आणि एकीत पोर. पोराजवळ मोठी बहीण.

हापूस_बागायतदार
मी रत्नागिरीजवळ बाग करतो. हा धागा वाचून वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

नेपाळी कुटुंबं नसती तर अर्ध्या बागा आज उभ्या नसत्या. गावातली तरुण पोरं मुंबईला. थ्रिप्स किडीमुळे फवारण्या वाढल्या, मोहोर दोन-दोनदा येतो आणि गळतो, कॅनिंगचा (रसाच्या कारखान्यांचा) दर हंगामाच्या शेवटी काय निघेल ते कोणाला माहीत नसतं. अशात कोणी बागेत येऊन मुलांचे फोटो काढले तर बदनामी होणार ती हापूसची. माझ्या बागेतल्या मुलांना मी कामाला लावत नाही, मजुरीही देत नाही. आईबाप कामावर असतात, मुलं जवळ खेळतात, कधी चार आंबे उचलतात. आम्हीही लहानपणी आंबे वेचले, लावणीला तरवा (भाताची रोपं) वाहिला. त्यातून शेती शिकलो. सगळ्याला बालमजुरी म्हणायचं का?

वकीलीणबाई
@हापूस_बागायतदार, रागाने लिहीत नाही, पण कायदा काय म्हणतो ते सांगते.

१९८६च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. स्वतःच्या कुटुंबाला मदत करायला सूट आहे, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचं नसेल तर. तुम्ही वडिलांच्या शेतात तरवा वाहिलात ते या सवलतीत बसतं. नेपाळी मुलगा तुमच्या बागेत क्रेट उचलतो तेव्हा बाग त्याच्या वडिलांची नसते. मजुरी वेगळी दिली नाही, आईबापांच्या हिशेबात धरली, म्हणून मालक सुटत नाही. दंड २० ते ५० हजार, कैद सहा महिने ते दोन वर्षं, किंवा दोन्ही.

कातळफूल, तुमच्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट पुढे आहे. याच कायद्यात पुनर्वसन निधी आहे. मालकाकडून वसूल झालेला दंड त्या मुलाच्या नावे जमा होतो आणि सरकार दर मुलामागे १५ हजार घालतं. १९९६च्या एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकाकडून २० हजार घ्यायला सांगितलं होतं, तिथून ही कल्पना आली. पण हा पैसा दंड वसूल झाल्यावर मिळतो. आधी नाही. मूल बागेत जाऊच नये यासाठी त्यात एक रुपया नाही. तुमच्या तीन लाखांचं मोल तिथे आहे.

देवगडचो_झील
वकीलीणबाईनू, कायदो बरोबर हा. पण आमच्या हयसर बागायतदारावर केस घातली तर गुरखो दुसऱ्या दिवशी पोरां घेवन दुसऱ्या बागेत जातलो. पोरांका काय गावला? माका वाटता आधी बागवाल्याक बाजूक घेवन बसवूक व्हया. आणि कातळफूलताई, सल्ल्याच्या बदल्यात एक पेटी धाडा हां, पण देवगडची नको, ती घराकडे आसा :)

चिकूवाडी
घोलवड-बोर्डीच्या बाजूने लिहिते. धाग्यात अजून कोसबाडचं नाव आलं नाही याचं नवल वाटतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. त्या दोघींनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली शिकताहेत. कुरणशाळा म्हणत तिला. लहान भावंडांसाठी अंगणवाडी, म्हणजे बाळामुळे अडकलेली बहीण मोकळी. गुरुजींनी वर मांडलेला मुद्दा आपल्याच किनाऱ्यावर इतक्या आधी हातात घेतला गेला होता. वसईकडे विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी तिथेच भोंगाशाळा चालवल्या, त्यामागचा विचार तोच.

पैशाबद्दल सांगायचं तर पालघर-ठाण्यातल्या पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो, २०१५पासून, आणि तो कशावर घालायचा ते ग्रामसभा ठरवते. राजापूरला पेसा नाही, पण वित्त आयोगाचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी तुमच्याही ग्रामपंचायतीकडे येतो. ग्रामसभेत विषय मांडा. गटारं आणि पाखाड्या (दगडी पायवाटा) दरवर्षी होतात.

गिरगावचा_गाववाला
पाखाडीला काही बोलायचं नाही हां, पावसात आमच्या आज्या त्याच पाखाडीवरून देवळात जातात :) पण कुरणशाळेचं वाचून खरंच वाटलं की मंडळाच्या सभेत हे वाचून दाखवावं. चिकूवाडीताई, तुमचा प्रतिसाद छापून नेऊ का?

चिकूवाडी
खुशाल न्या.

समुद्रापारची
मी मूळची दापोलीची, नोकरीने घानात, कोकोच्या व्यवहारात आहे. आफ्रिकेचं काय सांगतेय असं वाटेल, पण हापूस आणि कोको यांच्यातलं साम्य मला रोज दिसतं. दोन्हीकडे छोटे बागायतदार, माल दूरच्या श्रीमंत बाजारात, आणि मुलं बहुतेक घरच्याच कामात.

२००१मध्ये अमेरिकी चॉकलेट कंपन्यांनी करारावर सह्या केल्या, की घाना आणि आयव्हरी कोस्टमधल्या कोकोतली वाईट तऱ्हेची बालमजुरी संपवू. मुदत २००५ची होती. मग २००८, मग २०१०. मग २०२०पर्यंत निदान ७० टक्के कमी करू असं ठरलं. २०२०मध्ये शिकागोच्या संशोधकांनी मोजणी जाहीर केली, तेव्हा त्या दोन देशांत कोकोत राबणारी मुलं सुमारे १५ लाख ६० हजार निघाली. पैसा कमी पडला असं म्हणता येणार नाही. सुरुवातीचा बराच पैसा शाळेच्या इमारतींवर, फलकांवर, जागृतीच्या मेळाव्यांवर गेला. मुलाचे हात शेतकऱ्याला का लागतात, या प्रश्नाकडे तो फार उशिरा वळला.

जे टिकताना दिसतं ते असं. गावातलीच एक व्यक्ती, मानधनावर, घरोघरी जाणारी. ती पोलीस नसते. कोणतं मूल कोणतं काम करतंय ते नोंदते आणि त्या घराला काय लागतंय ते विचारते. कुठे जन्मदाखला, कुठे गणवेश, कुठे गवत कापायला माणसांची टोळी. आणि दुसरं म्हणजे भाव. २०१९मध्ये दोन्ही देशांनी टनामागे ४०० डॉलर जादा घ्यायचं जाहीर केलं, कारण शेतकऱ्याला मोठ्या माणसाची मजुरी परवडली तरच तो मुलाला शाळेत धाडेल.

बाहेरच्या पैशावर सगळं उभं करू नका, हेही सांगते. २०२५च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने परदेशांतल्या बालमजुरीविरोधी प्रकल्पांचं अनुदान एका फटक्यात थांबवलं. कितीतरी देशांतली माणसं घरी बसली. आणि मुलं होती तिथेच राहिली.

हापूस_बागायतदार
समुद्रापारची, भावाचा मुद्दा पटला. आम्हाला कोणी पेटीला वीस रुपये जादा दिले तर मी ते मुलांसाठी वेगळे काढायला तयार आहे. पण वाशीचा दलाल देणार नाही. थेट गिऱ्हाईक देईल. माझी बरीच गिऱ्हाइकं पुण्यातली, ती विचारतात आंबा कार्बाइडचा नाही ना, पेटीवर जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) शिक्का आहे ना. मुलांबद्दल आजवर कोणी विचारलं नाही.

पेणचे_गुरुजी
काका, तुम्हीच सांगा ना त्यांना. विचारायची वाट कशाला बघता?

दुपारची_गाडी
एवढ्या उठाठेवीपेक्षा आईबापांच्या हातात महिन्याला हजार रुपये द्या, मूल शाळेत दिसलं तर. सरळ हिशेब.

पेणचे_गुरुजी
@दुपारची_गाडी, कल्पना जुनी आहे. राष्ट्रीय बालकामगार प्रकल्प १९८८चा. त्यात विशेष केंद्रातल्या मुलाला महिन्याला ४०० रुपये विद्यावेतन होतं. २०२१मध्ये तो प्रकल्प समग्र शिक्षा अभियानात विलीन झाला. आपल्या राज्यात पहिली ते चौथीच्या गरीब घरच्या मुलींसाठी १९९२मध्ये दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. एक रुपया! ज्या दिवशी ती काजू सोलून घराला त्याच्या कितीतरी पट मिळवून देते, त्या दिवशी या रुपयाने ती शाळेत येईल असं म्हणणं मला जमत नाही. भत्ता द्यायचा तर मजुरीच्या जवळ जाणारा द्या, नाहीतर तो पैसा दुसरीकडे लावा.

समुद्रापारची
ब्राझीलने १९९६मध्ये असा कार्यक्रम कोळसाभट्ट्यांच्या भागातच सुरू केला होता. घराला पैसे, पण मूल शाळेनंतर दुपारभरही केंद्रात थांबलं पाहिजे अशी अट. नुसती हजेरी मागितली तर मूल सकाळी शाळेत आणि दुपारी कामावर असतं. आणि पैशाऐवजी शेळ्या देऊ नका. शेळी आली की तिला चारायला कोणाला पाठवतात ते तुम्हाला माहीत आहेच.

निळी_होडी
शेळीचं अगदी खरं आहे. आमच्याकडे बचतगटाच्या शेळ्या आल्या आणि सातवीतला मुलगा डोंगरावर गेला.

हिशेबनीस
मी विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासतो. या धाग्यात पैशाच्या वाटा आल्या, पण अटी आल्या नाहीत, म्हणून लिहितो.

कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा निधी) : २०१३च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आहे. मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के द्यायचे. पण तो घ्यायला संस्था नोंदणीकृत हवी, आयकराची बारा-अ आणि ऐंशी-जी नोंदणी हवी, आणि २०२१पासून सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा. बहुतेक गावमंडळांकडे धर्मादाय आयुक्तांची नोंदणी असते, बाकी नसतं. आणि कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. पैसा खूपदा शेवटच्या तिमाहीत सुटतो आणि मार्चअखेर खर्चून दाखवा म्हणतात. तुमचा काजू तेव्हा ऐन भरात. गुरुजी म्हणतात तो ऑक्टोबरचा पैसा या वाटेने येणं अवघड आहे. तेव्हा पहिलं वर्ष वर्गणीवरच काढा. वर्षभराची हजेरी हातात असली की कंपनीकडे जायला तोंड राहतं.

परदेशातले चाकरमानी : भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी मानली जात नाही. ज्याने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलंय, त्याची मानली जाते, भले तो तुमचा सख्खा चुलत भाऊ असो. एफसीआरए (विदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) नसताना ती घेतली तर मंडळ अडचणीत येईल. २०२०च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेली मोठी संस्थाही तो पैसा पुढे तुम्हाला वाटू शकत नाही. हे मंडळाच्या खजिनदाराला आजच सांगा.

आणि मानधन देताना लाजू नका. गावची बाई हे काम करणार असेल तर तिला फुकट राबवून दुसऱ्यांची मजुरी थांबवायला निघणं बरोबर नाही.

वकीलीणबाई
हिशेबनीसांचं शेवटचं वाक्य मंडळाच्या इतिवृत्तात घालण्यासारखं आहे.

कातळफूल
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मंडळाची सभा झाली. गिरगावच्या दादांनी कुरणशाळेचा प्रतिसाद खरंच वाचून दाखवला आणि सायकलींचा ठराव मागे घेतला गेला.

सध्या ठरलंय ते असं. वरच्या वाडीत एक आणि बागांच्या मध्यावर एक असं तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पाळणाघर. नोव्हेंबर ते मे. प्रत्येकी एक बाई, महिना आठ हजार मानधन. दोघींचे सात महिन्यांचे एक लाख बारा हजार होतात. दुपारचं खाणं, चटया, पाणी, औषधाची पेटी धरून दीड लाखाच्या आसपास जाईल. शाळा सुटल्यावर मोठी मुलं त्याच जागी थांबतील, आंबा भरून आईबाप येईपर्यंत. बागेजवळच्या जागेसाठी एका बागायतदाराने वापरात नसलेली पॅकिंगची शेड दिली. मात्र फवारणीची औषधं ठेवतात ती खोली तिथून लांब हवी, अशी अट मी घातली आणि ती त्यांनी मानली.

दोन गोष्टींवर अडलंय. ओले काजूगर सोलणाऱ्या घरांचं काय करायचं? तिथे मालक कोणी नाही, घरच सोलतं, आणि त्या पैशावर पावसाळ्याचं वाणसामान येतं. दुसरं, नेपाळी मुलं शाळेत घालायला गेलो तर दाखला आणि आधार मागितला.

वकीलीणबाई
दुसऱ्याचं उत्तर आधी देते. २०१०पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जुन्या शाळेचा दाखला यायचा आहे म्हणूनही नाही. वयाला योग्य वर्गात बसवायचं. कायदा प्रत्येक बालकाबद्दल बोलतो. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पेणचे_गुरुजी
मुख्याध्यापकांची बाजूही समजून घ्या. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार जुळलेली मुलंच धरतात. म्हणजे सहा नेपाळी मुलं आली तर शिकवायचं काम वाढतं, पण शिक्षकाच्या पदासाठी ती दिसत नाहीत. कोकणात वीसच्या आतल्या पटाच्या शाळा इतक्या आहेत की प्रत्येक मुख्याध्यापक धास्तावलेला असतो. त्यांच्याकडे भांडायला जाऊ नका. उरलेल्या दीड लाखातून एक शिक्षणसेविका वरच्या वाडीतलीच नेमा, जी त्या मुलांना मराठी बोलायला शिकवेल. शाळेला मदत झाली की दार आपोआप उघडतं. आणि मे महिन्यात ती मुलं परत जातील तेव्हा शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला शाळा देते ते) किंवा निदान शाळेच्या शिक्क्याचं प्रगतिपत्रक हातात द्या.

देवगडचो_झील
काजूगराचा मी सांगतंय. आमच्या वाडीत बायकांच्या गटान हातमोजे आणि राख-तेल ठेवल्यानी, आणि पोरांनी सोलूचा न्हाय असो गटाचोच नियम केल्यानी. ज्येच्या घरात पोर सोलताना दिसला, तेचे गर गट इकूक नेयत न्हाय. गट एकठय विकता म्हणून दर बरो गावता, तेच्यासाठी बायका नियम पाळतत. सरकारान सांगल्यान आसता तर कोणी आयकला नसता.

कातळफूल
झीलदादा, हे फार मोलाचं सांगितलंत. गट कोणाला आणि कसा विकतो? शेकड्यावर, की किलोवर? आमच्या बायकांशी फोनवर बोलतील का तुमच्याकडच्या कोणी?

देवगडचो_झील
बोलतली की. शेकड्यावरच, पण एका वेळेक सगळ्यांचो एकच दर. हाटेलवाले आणि मुंबयचे दोन-तीन गिऱ्हाईक ठरलेले आसत. व्यनि (खाजगी निरोप) करतंय.

हापूस_बागायतदार
कातळफूलताई, शेडचा फोटो असला तर मलाही पाठवा, छप्पर आणि मोरी कशी केलीत ते बघायचंय. माझ्याकडे तीन कुटुंबं येतात, शेजारच्या दोन बागांत मिळून चार. आम्ही तिघे मिळून एक बाई ठेवू शकतो. पेटीमागे वीस रुपयांचं मी गिऱ्हाइकांना या हंगामात लिहून कळवणार आहे.

पेणचे_गुरुजी
हजेरीचा नमुना व्यनिने पाठवलाय. एक रकाना मुद्दाम ठेवलाय : मूल आलं नाही तर त्या दिवशी कुठे होतं. तो रोज भरा. महिनाभरात कोणत्या बागेत आणि कोणत्या कामाला मुलं जातात ते कळेल, मग उरलेले पैसे कुठे लावायचे ते तुमच्या बायकाच सांगतील.